क्लचचे पेडल गेले, क्लच नाही

या महिन्याच्या टपालात एएमटी गाड्यांविषयीची, म्हणजे दिसायला ऑटोमॅटिक पण आतून मॅन्युअलच असलेल्या छोट्या गाड्यांविषयीची पत्रे इतकी आली की हे सदर या वेळी त्यांनाच द्यावे लागले. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत, लांबलेली पत्रे आखडती घेतली आहेत, आणि जेथे तक्रार आहे तेथे गाडीचे व सर्व्हिस सेंटरचे नाव गाळले आहे.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो असून अकरा महिन्यांपूर्वी ९९८ सीसी इंजिनाची एएमटी गाडी घेतली. त्यापूर्वी तीस वर्षे मॅन्युअल गाडीच चालवली. सिग्नल सुटल्यावर ही गाडी पहिल्यातून दुसऱ्या गिअरमध्ये जाताना क्षणभर थबकते आणि मग कोणी मागून ढकलल्यासारखी निघते. शेजारी बसलेल्या सौभाग्यवतींची मान प्रत्येक गिअरला पुढे जाऊन मागे येते. सर्व्हिस सेंटरमध्ये दोनदा दाखवली, तेव्हा ‘एएमटी अशीच असते’ एवढेच सांगण्यात आले. गिअर लवकर आणि हिसका न बसता पडावेत यासाठी काही करता येईल का? (पुणे)

उत्तर : आपल्याला मिळालेले उत्तर खोटे नाही, पण अर्धेच आहे. उरलेला अर्धा भाग आपल्या उजव्या पायाशी संबंधित असल्यामुळे तो सर्व्हिस सेंटरच्या बिलात येत नाही, आणि म्हणूनच बहुधा कोणी सांगतही नाही.

आपल्या गाडीतील गिअरबॉक्स मूलतः तोच आहे, जो त्याच मॉडेलच्या मॅन्युअल गाडीत असतो. क्लच प्लेटही, म्हणजे इंजिनाला गिअरबॉक्सशी जोडणारी-तोडणारी चकतीही, तशीच, एकच आणि कोरडी. फरक इतकाच की क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम आपल्या हातापायांऐवजी ॲक्च्युएटर नावाची यंत्रणा करते, आणि ते केव्हा व किती वेगाने करायचे हे एक छोटा संगणक ठरवतो. काही गाड्यांत हा ॲक्च्युएटर तेलाच्या दाबावर चालतो, काहींत विजेच्या मोटरवर. गिअर बदलायची वेळ आली की संगणक आधी इंजिनाचा जोर कमी करतो, क्लच उघडतो, जुना गिअर काढतो, नवा टाकतो, क्लच पुन्हा हळूहळू जोडतो आणि मग जोर परत देतो. या सगळ्याला साधारण अर्ध्यापासून एक सेकंदापर्यंत वेळ लागतो, आणि तेवढा वेळ इंजिन व चाके एकमेकांपासून तुटलेली असतात. सौभाग्यवतींची मान पुढे जाते ती जोर तुटताना, आणि मागे येते ती जोर परत मिळताना.

आता आपल्या मागच्या तीस वर्षांकडे पाहा. मॅन्युअल गाडीतही प्रत्येक गिअरला जोर असाच तुटत होता, किंबहुना नवशिक्या चालकाच्या हातून एका सेकंदापेक्षा जास्तच वेळ तुटत असे. तरीही मान हलत नव्हती, कारण क्लच दाबण्याच्या आधीच आपला उजवा पाय ॲक्सिलरेटरवरून आपसूक सैल होत असे आणि क्लच सोडताना तो तितक्याच हळुवारपणे पुन्हा दाबला जात असे. एएमटी घेतल्यावर डाव्या पायाचे काम संपले आणि त्याच्याबरोबर उजव्या पायाची ही जुनी सवयही गेली. आपण ॲक्सिलरेटर एकसारखा दाबून ठेवता, बिचाऱ्या संगणकाला मात्र भर जोरात असलेले इंजिन मध्येच सोडवून घ्यावे लागते. गाडी पन्नास टक्के जोराने ओढत असताना तो जोर शून्यावर आला तर खड्डा मोठा पडतो. वीस टक्क्यांनी ओढत असताना आला तर खड्डा लहान पडतो. गणित एवढेच आहे.

‘लवकर’ या शब्दाचे येथे दोन अर्थ होतात, आणि ते वेगळे केले नाहीत तर अपेक्षाभंग होतो. प्रत्यक्ष गिअर बदलण्यास लागणारा वेळ कमी करणे हे जवळजवळ सर्वस्वी संगणकाच्या हातात आहे आणि तेथे आपल्याला फारसे काही करता येत नाही. पण वरचा गिअर वेळेवर पडणे, इंजिन ओरडत बसण्यापूर्वी पडणे, हे पूर्णपणे आपल्या हातात आहे, कारण कोणत्या क्षणी गिअर बदलायचा हे संगणक प्रामुख्याने दोन गोष्टींवरून ठरवतो: गाडीचा वेग आणि ॲक्सिलरेटर किती दाबला आहे. पाय जास्त दाबलेला असेल तर चालकाला जोर हवा आहे असे समजून तो खालचा गिअर लांबवतो, आणि पाय हलका झाला की वरचा गिअर देतो. म्हणजे ॲक्सिलरेटर थोडा सैल करणे ही एकाच वेळी दोन कामे करणारी कृती आहे. त्यामुळे गिअर बदलण्याची सूचना जाते, आणि गिअर बदलताना तुटणारा जोरही आधीच कमी झालेला असतो.

‘थोडा सैल’ यातील ‘थोडा’ महत्त्वाचा. पाय पूर्ण काढून घेतला तर काही गाड्यांचा संगणक चालकाला वेग कमी करायचा आहे असा अर्थ लावतो आणि गिअर बदलण्याऐवजी आहे तोच धरून ठेवतो. आपण जितका दाबला होता त्याच्या साधारण निम्म्यावर यावे, गिअर पडल्याचे जाणवेपर्यंत तेथेच थांबावे, आणि मग पेडल पुन्हा दाबावे, तेही एकदम नव्हे. क्लच अजून जुळत असतानाच पाय खाली गेला तर दुसरा हिसका आपण स्वतःच मागवून घेतलेला असतो.

हे अंगवळणी पडण्यासाठी रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास द्यावा. सुरुवात ‘एम’ म्हणजे मॅन्युअल मोडमध्ये करावी, कारण तेथे गिअर केव्हा बदलणार हे आपल्याला आधीच ठाऊक असते. गाडीत आरपीएमचा, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला किती फेरे होतात ते दाखवणारा, काटा असेल तर तो दोन हजारांच्या थोडा वर गेला की पाय अर्धा सैल करावा, दांडा ‘प्लस’कडे ढकलावा, पडद्यावरचा आकडा बदलू द्यावा आणि मग पाय पुन्हा दाबावा. दहा-बारा वेळा हे केले की इंजिनाचा कोणता आवाज आला म्हणजे गिअर बदलण्याची वेळ झाली हे कानाला कळू लागते. त्यानंतर ‘डी’ म्हणजे आपोआप गिअर बदलणाऱ्या मोडमध्ये जाऊन तोच आवाज ऐकायचा आणि तेच करायचे, फक्त दांड्याला हात न लावता. एअर कंडिशनर चालू असेल, किंवा गाडीत चार माणसे बसलेली असतील, तर हा क्षण किंचित उशिरा येतो, हेही तेव्हाच लक्षात येईल. ज्यांनी वर्षानुवर्षे मॅन्युअल गाडी चालवली आहे त्यांना हे एका दिवसात जमते. थेट एएमटीवरच शिकलेल्यांना आठवडा लागतो, कारण त्यांच्या पायाला मुळात आठवण्यासारखेच काही नसते.

आपण पत्रात शेवटी विचारले आहे की, मोटार शर्यतीतल्या गाड्यांत ही यंत्रणा डोळ्याचे पाते लवायच्या आत गिअर बदलते, मग आपल्याच गाडीला काय झाले? नाते खरोखर आहे. १९८९ मध्ये फेरारीने फॉर्म्युला वनमध्ये स्टिअरिंगमागच्या पात्यांनी गिअर बदलणारी अर्धस्वयंचलित गाडी उतरवली आणि त्या वर्षीची ब्राझीलची पहिलीच शर्यत नायजेल मॅन्सेलने तिच्यावर जिंकली. त्या यंत्रणेवर काम करणारी मॅग्नेटी मरेली ही इटालियन कंपनी, आणि २०१४ च्या ऑटो एक्स्पोमध्ये मारुती सुझुकीने आणलेल्या सेलेरियोची एएमटी यंत्रणाही त्याच कंपनीच्या तंत्रज्ञानावर उभी होती. पण शर्यतीच्या गाडीत क्लच किती झिजला याची चिंता कोणी करत नाही आणि मागच्या सीटवर आजी बसलेली नसते. आपल्या गाडीत तीच क्लच प्लेट अनेक वर्षे पुरवायची असते, छोट्या इंजिनाचा जोर सांभाळायचा असतो आणि हे सगळे मॅन्युअलपेक्षा फार महाग न होऊ देता करायचे असते. म्हणून संगणकाला सावकाशपणा शिकवलेला आहे. घराणे एक, ऐपत वेगळी.

प्रश्न : ॲक्सिलरेटरच्या वायरला मध्ये जोडायचे एक छोटे यंत्र मिळते. ते बसवले की एएमटी ‘झटपट’ होते असे दुकानदार सांगतो. बसवावे का? (ठाणे)

उत्तर : बसवू नये. आजच्या गाड्यांत ॲक्सिलरेटरचे पेडल इंजिनाला तारेने जोडलेले नसते. पेडल किती दाबले याचा विद्युत संदेश जातो आणि संगणक त्यानुसार निर्णय घेतो. हे यंत्र तो संदेश फुगवून सांगते, म्हणजे आपण तीस टक्के दाबले तर संगणकाला पन्नास टक्के कळते. गाडी चपळ झाल्यासारखी वाटते ती त्यामुळे. गिअर बदलण्याच्या वेळेत त्याने काडीचा फरक पडत नाही. उलट पुण्याच्या वाचकांना वर दिलेल्या उत्तरात जो हलका पाय सांगितला आहे तोच अवघड होऊन बसतो, आणि वॉरंटीचा वाद पदरात पडतो तो निराळाच. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गिअरबॉक्सच्या संगणकाचे नवे सॉफ्टवेअर आपल्या मॉडेलसाठी आले आहे का, एवढे मात्र अवश्य विचारावे. काही गाड्यांत त्याने खरोखर सुधारणा झाल्याचे आम्ही पाहिले आहे.

प्रश्न : नाशिक–पुणे रस्त्यावर ट्रकला ओव्हरटेक करण्यासाठी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की आमची एएमटी आधी दम टाकते, मग अचानक उसळते. त्या मधल्या क्षणी समोरून येणारी गाडी पाहून पोटात गोळा येतो. हा दोष दुरुस्त होण्यासारखा आहे का? (संगमनेर)

उत्तर : पोटात गोळा येतो हे योग्यच आहे, त्याच्यावर विश्वास ठेवावा. पाय एकदम पूर्ण दाबला की संगणक त्याचा अर्थ ‘खालचा गिअर द्या’ असा घेतो, आणि तो गिअर देण्यासाठी आधी जोर तोडतो. म्हणजे आपल्याला जोर सर्वांत जास्त हवा असतो नेमका त्याच क्षणी तो नाहीसा होतो. हा बिघाड नसून रचनेचा स्वभाव आहे, त्यामुळे दुरुस्तीने जाणार नाही. पण तो क्षण कोठे यावा हे आपण ठरवू शकतो.

ट्रकच्या मागे, आपल्याच लेनमध्ये असतानाच दांडा ‘एम’ मध्ये घ्यावा आणि एक गिअर खाली आणावा. वेग साठच्या आसपास असेल तर बहुधा चौथ्यातून तिसरा. छोट्या एक लिटरच्या इंजिनांचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, साधारणपणे साडेतीन हजार आरपीएमच्या आसपास सर्वाधिक असतो. ९९८ सीसीच्या प्रचलित इंजिनात तो सुमारे ९० न्यूटन-मीटर भरतो, म्हणजे मुळातच बेताचा. त्यामुळे वरच्या गिअरमध्ये दीड-दोन हजार आरपीएमवर रेंगाळणाऱ्या इंजिनाकडून उडी मागणे व्यर्थ आहे. गिअर खाली आला, इंजिनाचा आवाज चढला, ॲक्सिलरेटर किंचित दाबताच गाडी लगेच साथ देते अशी खात्री पटली, की मगच समोरचा रस्ता पाहून बाहेर पडावे. ओव्हरटेक पूर्ण होऊन आपल्या लेनमध्ये परत येईपर्यंत गिअर बदलू नये. इंजिन थोडे ओरडले तर ओरडू द्यावे, ते त्यासाठीच बनवलेले आहे.

एक सावधगिरी. ‘प्लस’ आणि ‘मायनस’ दांड्याच्या कोणत्या बाजूला आहेत हे सगळ्या गाड्यांत सारखे नसते. दुसऱ्याची गाडी चालवत असाल तर ते आधी घराजवळच पाहून घ्यावे. ट्रकच्या मागे शिकू नये.

प्रश्न : मी चिपळूणला शिक्षिका आहे आणि महिन्यातून दोनदा कुंभार्ली घाटातून कराडला माहेरी जाते. मागच्या वेळी घाटात ट्रक बंद पडल्यामुळे पाऊण तास रांगेत अडकले. गाडी मागे जाऊ नये म्हणून ॲक्सिलरेटरवर धरून होते. थोड्या वेळाने बीप-बीप आवाज आला, पडद्यावरचा गिअरचा आकडा लुकलुकला आणि जळका वास आला. भावाने सांगितले की क्लच गेला. अजून गाडी चालते आहे. खरेच गेला असेल का? (चिपळूण)

उत्तर : बाई, क्लच गेलेला नसावा, पण त्याने तक्रार केली हे नक्की, आणि ती ऐकली हे बरे झाले.

चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरच्या बळावर गाडी उभी धरणे याला मॅन्युअल गाडीत आपण हाफ क्लच म्हणतो, आणि ड्रायव्हिंग स्कूलमधले मास्तर त्यावर ओरडतात. एएमटीमध्ये क्लचचे पेडल नसल्यामुळे आपण तेच करत आहोत हे ध्यानात येत नाही. आत मात्र इंजिन फिरत असते, चाके थांबलेली असतात आणि त्या दोघांमध्ये सापडलेली क्लच प्लेट घासत राहते. पाच-दहा सेकंद चालते. पाऊण तास, तोही चढावर आणि गाडीत सामान असताना, म्हणजे तवा तापवण्यासारखेच आहे. त्या बीपचा अर्थ ‘मला गार होऊ द्या’ एवढाच असतो. काही गाड्यांत याच स्थितीत संगणक क्लच अधिक उघडून गाडीचा जोर काढूनही घेतो, आणि चालकाला वाटते की गाडी बंद पडली.

पुढच्या वेळी रांग थांबली की हँडब्रेक ओढावा आणि दांडा न्यूट्रलला घ्यावा. पुढची गाडी दोन हात सरकली म्हणून लगेच आपणही सरकू नये. दोन गाड्यांएवढी जागा मोकळी होऊ द्यावी आणि मग एकदाच, नीट वेगाने, क्लच पूर्ण जुळेल असे पुढे जावे. मागचे हॉर्न वाजवतील, तर वाजवू द्यावेत; क्लच त्यांचा नाही. निघताना ब्रेकवर पाय ठेवून दांडा ‘डी’ मध्ये घ्यावा, हँडब्रेक ओढलेलाच राहू द्यावा, ॲक्सिलरेटर हलकेच दाबावा, आणि गाडीचे नाक किंचित उचलल्यासारखे वाटले की हँडब्रेक सोडावा. ही आपली जुनीच रीत आहे. आपल्या गाडीत हिल होल्ड असेल तर ब्रेक सोडल्यानंतर एक-दोन सेकंद गाडी जागेवर धरली जाते, पण तेवढ्यातच निघायचे असते. त्याच्या भरवशावर रांगेत उभे राहायचे नसते.

चढ सलग असेल आणि गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये सारखी वरखाली करत असेल, तर ‘एम’ मध्ये दुसरा धरून ठेवावा. संगणकाला पुढचे वळण दिसत नाही, आपल्याला दिसते. वळणावर आपण पाय काढला की तो वरचा गिअर टाकतो आणि वळण संपताच पुन्हा खालचा शोधू लागतो, आणि घाटातला बहुतेक हिंदकळा त्यातूनच येतो. उतरतानाही हाच नियम: ज्या गिअरने चढला असता त्याच गिअरने उतरावे, म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवते आणि ब्रेक तापत नाहीत. पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये उतरण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. त्यात बचत तर नाहीच, कारण गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की आजची इंजिने पेट्रोल जवळजवळ तोडूनच टाकतात.

सध्या सपाट रस्त्यावर जळका वास येत नसेल, आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएम चढतो पण वेग वाढत नाही असे होत नसेल, तर निर्धास्त राहावे. पुढच्या सर्व्हिसिंगला क्लचची झीज संगणकावर पाहून घ्यायला सांगावे.

प्रश्न : मी रायबंदरहून चोडणला रोज फेरीबोटीने जातो. बोटीत गाडी चढवताना आणि बोटीतल्या दाटीत इंच-इंच सरकवताना एएमटी हिसके देते. एकदा पुढच्या स्कूटरला लागता लागता राहिली. (गोवा)

उत्तर : बहुतेक एएमटी गाड्यांत ब्रेक सोडला की गाडी ॲक्सिलरेटर न दाबताही गोगलगायीसारखी पुढे सरकते, त्याला क्रीप म्हणतात. सुरुवातीच्या काही मॉडेलांत ही सोय नव्हती. आपल्या गाडीत ती असेल तर सपाट डेकवर ॲक्सिलरेटरला पाय लावूच नये. ब्रेक किती सोडायचा यावरच गाडी सरकवावी. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर यांच्यामध्ये पाय भराभर हलवणाऱ्याची गाडीच हिसके देते.

रॅम्पवर मात्र क्रीप अपुरे पडते. तेथे चढण्यापूर्वी रॅम्प पूर्ण मोकळा होऊ द्यावा आणि मग पाय एकसारखा ठेवून एकदाच वर जावे. मध्ये थांबावे लागले तर चिपळूणच्या बाईंना सांगितलेली हँडब्रेकची रीत वापरावी. पुढून मागे किंवा मागून पुढे गिअर बदलताना गाडी पूर्ण थांबल्याची आणि पडद्यावर ‘आर’ किंवा ‘१’ उमटल्याची खात्री केल्याशिवाय ब्रेक सोडू नये. दांडा हलवला म्हणजे गिअर पडला असे नसते; दांडा ही फक्त विनंती आहे.

आणि बोटीत गाडी उभी केल्यावर हँडब्रेक तर ओढावाच, शिवाय दांडा ‘डी’ किंवा ‘आर’ मध्ये ठेवून मगच इंजिन बंद करावे. या गाड्यांना खऱ्या ऑटोमॅटिकसारखा ‘पी’, म्हणजे उभ्या गाडीला अडवून धरणारा पार्किंगचा खटका, नसतो. गिअरमध्ये बंद केलेली गाडीच जागेवर अडून राहते. सोसायटीच्या उतरत्या पार्किंगमध्ये राहणाऱ्यांनाही हे लागू आहे. पुन्हा चालू करताना ब्रेक दाबून न्यूट्रलला यावे, ‘एन’ दिसू द्यावा आणि मग किल्ली फिरवावी.

प्रश्न : सकाळी गाडीचे दार उघडले की किल्ली न लावताच बॉनेटमधून ‘घुर्र’ असा आवाज येतो. (सोलापूर)

उत्तर : तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेत दार उघडताच छोटा पंप दाब तयार करू लागतो, म्हणजे आपण बसेपर्यंत क्लच सज्ज असावा. आवाज दोन-चार सेकंदांत थांबत असेल तर तो आरोग्याचे लक्षण समजावा. थांबतच नसेल, किंवा चालवताना दर थोड्या वेळाने पुन्हापुन्हा येत असेल, तर कोठेतरी दाब टिकत नाही असा अर्थ होतो आणि गाडी दाखवावी.

प्रश्न : गाडी सहा वर्षांची, ६४ हजार किलोमीटर झाली. दोन महिन्यांपासून पहिला-दुसरा गिअर जोरात पडतो, निघताना गाडी थरथरते आणि कधी कधी सिग्नलला आपोआप ‘एन’ दिसू लागतो. एका वर्कशॉपने पूर्ण गिअरबॉक्स बदलावा लागेल असे सांगून मोठा आकडा लिहून दिला आहे. (नागपूर)

उत्तर : तो कागद घडी करून बाजूला ठेवावा आणि स्वस्त गोष्टींपासून सुरुवात करावी. एएमटीमध्ये आतले गिअर बिघडण्याची वेळ फार क्वचित येते, कारण ते मॅन्युअल गाडीचेच गिअर असतात आणि संगणक ते माणसापेक्षा कमी निष्काळजीपणे टाकतो.

सर्वप्रथम बॅटरी. ॲक्च्युएटरचे सारे काम विजेवर अवलंबून असते; बॅटरी तीन-चार वर्षांची असेल आणि इंजिन सुरू होते एवढ्यावर ती चांगली आहे असे मानले जात असेल, तर तिची तपासणी व्होल्टेज व भार या दोन्हींवर करून घ्यावी. दुसरी गोष्ट ब्रेकच्या पेडलाजवळचा दिव्याचा स्विच. आपला पाय ब्रेकवर आहे की नाही हे संगणकाला या स्विचवरूनच कळते. तो झिजला की गिअर पडत नाही किंवा मध्येच न्यूट्रल होतो, आणि बदलायला किरकोळ खर्च येतो. मागचे ब्रेकचे दिवे नीट लागतात का, हे घरच्या कोणालाही मागे उभे करून पाहता येते. तिसरी गोष्ट, आपली यंत्रणा तेलावर चालणारी असेल तर त्या तेलाची पातळी. हे गिअरबॉक्सचे तेल नव्हे, त्याची टाकी वेगळी आणि लहान असते, आणि सर्व्हिसिंगच्या घाईत ती पाहायची राहून जाते.

यानंतर खरा संशयित उरतो तो क्लच. ६४ हजार किलोमीटर शहरात चाललेल्या गाडीची क्लच प्लेट झिजलेली असणे स्वाभाविक आहे. प्लेट झिजली की ती ज्या ठिकाणी पकड घेते तो बिंदू सरकतो. मॅन्युअल गाडीत आपला पाय हे नकळत शिकून घेतो. एएमटीमध्ये संगणकालाही ते शिकावे लागते आणि तो काही प्रमाणात आपोआप शिकतोही, पण एका मर्यादेनंतर त्याला ते स्कॅनर जोडून शिकवावे लागते. वर्कशॉपमध्ये याला क्लच लर्निंग किंवा कॅलिब्रेशन म्हणतात. आपण सांगितलेली थरथर आणि जोरात पडणारा गिअर हे दोन्ही शिकवणी चुकल्याचे लक्षण असू शकते. प्लेटची झीज मर्यादेत असेल तर केवळ कॅलिब्रेशनने गाडी पुन्हा मऊ होते. मर्यादेबाहेर असेल तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग असा संच बदलावा, आणि बदलल्यानंतर कॅलिब्रेशन केल्याचे बिलावर लिहून घ्यावे. नवा क्लच बसवून संगणकाला जुन्याच क्लचच्या आठवणींवर सोडून दिलेल्या गाड्या आम्ही पाहिल्या आहेत. त्या जुन्यापेक्षा वाईट चालतात आणि मग दोष नव्या क्लचला मिळतो.

प्रश्न : मुलाकडे न्यू जर्सीला राहतो. त्याने फिरण्यासाठी जुनी २००९ ची स्मार्ट फॉरटू घेऊन दिली आहे. दोन माणसांची खेळण्याएवढी गाडी, पण प्रत्येक गिअरला नमस्कार घालते. इथल्या लोकांनी तर तिची थट्टाच मांडली आहे. आपले उपाय हिलाही लागू पडतील का? (अमेरिका)

उत्तर : तंतोतंत. स्मार्ट १९९८ मध्ये युरोपात आली तेव्हापासूनच तिच्यात एकाच क्लचची, आपोआप बदलणारी गिअर यंत्रणा आहे. पहिल्या पिढीत सहा गिअर होते, आपली गाडी ज्या दुसऱ्या पिढीतली आहे तिच्यात पाच आहेत. २००८ पासून ती अमेरिकेत विकली जाऊ लागली. तेथील बहुतेक चालक टॉर्क कन्व्हर्टरच्या, म्हणजे क्लच प्लेटऐवजी तेलातून जोर पोचवणाऱ्या, मऊ ऑटोमॅटिकवर वाढलेले, पाय दाबून धरण्याची सवय असलेले, त्यामुळे थट्टा होणारच होती. आपण भारतात मॅन्युअल चालवली असेल तर आपल्याला ती त्यांच्यापेक्षा लवकर वश होईल. आपल्या गाडीतही दांड्याने, आणि पाती असतील तर पात्यांनी, गिअर स्वतः बदलता येतो. तो बदलताना पाय अर्धा सैल करावा. गिअर पाचच असल्यामुळे दोन गिअरांमधले अंतर मोठे आहे, म्हणून वर जाताना इंजिन थोडे जास्त फिरू द्यावे आणि मग पाय सैल करावा. घाईने वर गेल्यास एक लिटरचे इंजिन पुढच्या गिअरमध्ये दमते.

स्मार्टमध्ये क्लच दाबणारा ॲक्च्युएटर विजेचा आहे आणि गाडीच्या मागच्या बाजूला खाली, पाण्याच्या व मिठाच्या वाटेवर बसवलेला आहे. तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. त्याच्या दांडीला गंज धरला की क्लच सावकाश हलतो आणि गिअरही. जाणकाराकडून तो स्वच्छ करून, ग्रीस लावून, पुन्हा कॅलिब्रेट करून घ्यावा. कंपनीने २०१९ नंतर अमेरिकेत या गाड्या विकणे थांबवल्यामुळे त्यात मुरलेला मेकॅनिक शोधणे हेच आता मोठे काम आहे. सापडला तर सोडू नये.

प्रश्न : डावा पाय रिकामाच असतो, मग डाव्या पायाने ब्रेक आणि उजव्याने ॲक्सिलरेटर असे चालवले तर गाडी अधिक झटपट होणार नाही का? (कोल्हापूर)

उत्तर : होणार नाही. दोन्ही पेडले एकाच वेळी दाबली गेली की बहुतेक गाड्यांत संगणक ब्रेकलाच खरे मानून इंजिनाचा जोर काढून घेतो, आणि ब्रेक सुटल्यावर क्लच नव्याने जुळवत बसतो. शिवाय क्लच दाबण्याची सवय असलेला डावा पाय ब्रेकही क्लचसारखाच तळापर्यंत दाबतो. मागच्या गाडीवाल्याला ते परवडणारे नाही.